काहिलीखालचा जाळ जातो कुठे? एका गुऱ्हाळाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे गुऱ्हाळ करवीर तालुक्यातलं. गावाचं आणि माणसांचं नाव देत नाही. मालकांना अण्णा म्हणतो, गुळव्यांना तात्या आणि काहिलीखाली जाळ घालणाऱ्या वयस्कर गृहस्थांना मामा. मी एका पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकलला थर्मल शिकवतो, आणि अण्णा माझ्या मावसभावाचे सासरे, त्यामुळे नोव्हेंबरात "पाव्हणं, जरा येऊन बघा की, चिपाड पुरंना झालंय" असा फोन आला तेव्हा दुसऱ्याच दिवशी गेलो.

ज्यांनी गुऱ्हाळ बघितलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ऊस घाण्यातून काढतात, रस मोठ्या उथळ काहिलीत जातो, काहिलीखाली चुलवाण असतं आणि त्यात जळण म्हणून त्याच उसाचं चिपाड, पण उन्हात वाळवलेलं. रस तापताना भेंडीचं पाणी घालून मळी काढतात, मग रस उकळत ठेवतात, पाक ११६-११८ अंशाच्या आसपास आला की गुळव्या थंड पाण्यात थेंब टाकून गोळी बघतो आणि काहील उतरवायला सांगतो. या एका फेरीला आधण म्हणतात. अण्णांकडे दिवसाला चार आधणं निघतात.

एका आधणाचे आकडे आम्ही नंतर वजनकाट्यावर बसवले. साधारण १६०० किलो ऊस, त्यातून १००० किलो रस आणि ६०० किलो ओलं चिपाड. ओल्या चिपाडात निम्मं पाणीच, ते १० टक्के ओलाव्यापर्यंत वाळवलं की हातात राहतं ३३० किलोच्या आसपास. रसात २० टक्के घन पदार्थ, म्हणजे गूळ २०० किलोच्या घरात. म्हणजे दर आधणाला ३३० किलो जळण उसाबरोबर आपोआप येतं, तेवढ्यात भागलं तर गुऱ्हाळ स्वतःच्या जळणावर चालतं, नाहीतर लाकूड विकत आणायचं.

अडचण

भागत कधीच नव्हतं. चांगल्या कोरड्या चिपाडावर सुद्धा एका आधणाला ४५० किलो लागायचं, मागच्या सीझनची शिल्लक आणि थोडं लाकूड यावर कसंबसं निभावायचं. त्यात त्या वर्षी दिवाळीनंतर तीन दिवस अवकाळी पाऊस झाला, ताडपत्री अर्ध्याच ढिगावर होती, आणि बाकीचं वाळत टाकलेलं सगळं चिपाड भिजलं. मी गेलो तेव्हा सव्वाचार तास झाले तरी आधण उतरत नव्हतं, एरवी तीन-सव्वातीन तासांत उतरायचं. चिमणीतून पांढरा-पिवळट दाट धूर, चुलवाणाचं तोंड उघडं आणि मामा घामाघूम होऊन चिपाडाच्या पेंढ्यावर पेंढ्या आत ढकलत होते.

मामांनी मला पहिलं वाक्य ऐकवलं ते असं, "जाळ ढीगभर घालतोय पर रस तापंनाच, ह्यो काटा अडकलाय बगा."

काटा म्हणजे काहिलीच्या कडेला लावलेला डायल थर्मामीटर. ९९ वर होता, तासाभरापासून तिथेच. तो अडकला नव्हता, बरोबर दाखवत होता. पण मामांचा प्रश्न अगदी खरा होता, की एवढी उष्णता आत जाते आणि तापमान वाढत नाही तर ती जाते कुठे. मी वर्गात दहा वर्षं हे फळ्यावर लिहीत आलोय पण इतका नेमका प्रश्न मला कुठल्या विद्यार्थ्याने विचारला नव्हता.

हाच प्रश्न ग्लासगोमध्ये जोसेफ ब्लॅकला १७६० च्या दशकात पडला होता. बर्फ वितळताना आणि पाणी उकळताना उष्णता घेत राहतं पण थर्मामीटर हलत नाही, म्हणून त्याने त्या उष्णतेला अप्रकट म्हटलं. आज आपण ती कुठे जाते ते सांगू शकतो. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट ओढून धरतात, ती ओढ तोडायला ऊर्जा लागते, आणि ती वाफेची अंतर्गत ऊर्जा बनून राहते. १०० अंशाच्या १ किलो पाण्याची वाफ करायला २२५७ किलोज्यूल लागतात. त्यातले साधारण १७० किलोज्यूल वाफ फुगताना बाहेरच्या हवेला मागे सारायच्या कामात जातात आणि उरलेले २०८७ अंतर्गत ऊर्जेत. थर्मोडायनॅमिक्सचा पहिला नियम हाच, दिलेली उष्णता बरोबर अंतर्गत ऊर्जेतली वाढ अधिक बाहेर केलेलं काम, एवढाच जमाखर्च. अण्णांच्या एका आधणात ८०० किलो पाणी उडतं, म्हणजे नुसती हवा बाजूला सारायलाच १३५ मेगाज्यूल (एक मेगाज्यूल म्हणजे हजार किलोज्यूल), कोरड्या चिपाडाच्या हिशोबात ९ किलो. मामांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "आभाळाला ढकलायला नऊ किलो!" आणि पुढचे दोन दिवस येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते.

हिशोब

त्या रात्री बसून पूर्ण आधणाचा हिशोब मांडला, कारण त्याशिवाय कुठला उपाय करायचा ते ठरवणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

१००० किलो रस २५ अंशावरून ९८ पर्यंत न्यायला, कोल्हापूरच्या उंचीवर पाणी साधारण ९८ ला उकळतं, लागतात सुमारे २७० मेगाज्यूल. ८०० किलो पाणी उडवायला १८०० च्या वर. शेवटी घट्ट पाक ११८ पर्यंत चढवायला दहाएक. बेरीज २१०० च्या जरा अलीकडे. म्हणजे ज्याला आपण "रस तापवणं" म्हणतो ते सगळ्या खर्चाच्या १३ टक्के, उरलेलं पाणी उडवणं. आणि रसातलं जवळजवळ ८० टक्के पाणी उडेपर्यंत काटा ९८ ते १०१ च्या आतच खेळतो, खरी चढण शेवटच्या थोड्या वेळात. तात्या काट्याकडे कधी बघतच नाहीत, ते बुडबुड्यांचा आकार आणि आवाज बघतात, आणि मला वाटतं ते बरोबर करतात कारण उकळण्याच्या मधल्या दोन तासांत काटा काहीही सांगत नाही, उकळी किती जोरात आहे तीच सांगते की उष्णता किती वेगाने आत जातेय.

आता जमेची बाजू. १० टक्के ओलाव्याचं चिपाड किलोला साधारण १५ मेगाज्यूल देतं. ४५० किलो म्हणजे ६७५०. त्यातले रसात गेले २१००, म्हणजे ३१ टक्के. बाकीचं कुठे गेलं? कॉलेजचा थर्मोकपल (जास्त तापमान मोजायची तार) आणि धुरातला ऑक्सिजन मोजणारा अॅनालायझर परवानगी काढून आणला होता, कोरडं चिपाड घालून एक आधण मोजलं. चिमणीच्या बुडाला ४८० अंश, धुरात ऑक्सिजन साडेदहा टक्के, याचा अर्थ जळायला जेवढी हवा लागते तिच्या दुप्पट आत ओढली जात होती. ती जादाची हवा ३० अंशाला आत येते आणि ४८० ला बाहेर जाते, काही काम न करता, आपल्या चिपाडावर तापून. हिशोब केला तर नुसत्या धुराबरोबर ३८ टक्के उष्णता जात होती. म्हणजे गुळापेक्षा चिमणीला जास्त. उरलेले ३१ टक्के भिंतीतून, उघड्या तोंडातून आणि अर्धवट जळालेल्या चिपाडातून.

मग ओल्या चिपाडाचं कोडं. ढिगातला नमुना कॉलेजच्या ओव्हनमध्ये १०५ अंशाला वाळवून वजन केलं, ओलावा ३५ टक्के. पावसानंतरच्या एका आधणाला असं ७८० किलो लागलं. आधी मला वाटलं सोपं आहे, चिपाडातलं पाणी उडवायलाच उष्णता जाते. पण आकडे मांडले तर ते जुळेनात. पाणी वजा करून नुसता सुका भाग धरला तर कोरड्या चिपाडात ४०५ किलो लागायचा आणि ओल्यात ५०७, म्हणजे २५ टक्के जास्त. आणि ते जादाचं पाणी उडवायला लागणारी उष्णता मोजली तर ती भरते फक्त ६ टक्क्यांच्या आसपास. मग बाकीचे १९ टक्के कोणी खाल्ले?

इथे मी दोन तास अडकलो, आणि या प्रकरणातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग हाच आहे. पहिला नियम फक्त किती ते सांगतो. पण उष्णता वाहते तापमानातल्या फरकावर, जास्तीकडून कमीकडे. ओलं चिपाड जळताना ज्वाळेचं तापमान बरंच उतरतं, मग ज्वाळ आणि काहिलीचं बूड यातला फरक कमी होतो, काहिलीत उष्णता हळू जाते, आधण तीनऐवजी सव्वाचार तास चालतं, आणि त्या जादाच्या वेळात भिंती, तोंड, चिमणी यांची गळती चालूच राहते. शिवाय थंड जाळात धूर नीट जळत नाही, तो दाट पिवळट धूर म्हणजे न जळलेलं जळणच वर चाललेलं. तेवढेच मेगाज्यूल, पण कमी तापमानाचे, म्हणून कमी कामाचे. उष्णतेचा आकडा एक आणि ती कुठल्या तापमानाला हातात आहे हा दुसरा, आणि हे दोन वेगळे हिशोब आहेत. साखर कारखान्यातही हेच दिसतं. त्याच उसाचं चिपाड तिथे उरतं, त्यावर वीज करून विकतात, कारण तिथे एका भांड्याची वाफ पुढच्या कमी दाबाच्या भांड्यातला रस उकळवायला वापरतात, असं चार-पाच वेळा. काहिलीची वाफ उघड्यावर जाते, आणि ती ९८ अंशाची असल्यामुळे ९८ लाच उकळणारा दुसरा रस तिच्यावर उकळणार नाही, दाब कमी केल्याशिवाय. अण्णांचा पुतण्या ही वाफ धरायची कल्पना घेऊन आला होता, त्याला हे समजावताना मलाच ते जास्त स्पष्ट झालं.

कुठले पर्याय समोर होते

तातडीचा प्रश्न होता पुढच्या पंधरा दिवसांचा. शेतकऱ्यांचा ऊस तोडून पडला होता, तोडलेला ऊस थांबवला की उतारा घटतो, त्यामुळे गुऱ्हाळ बंद ठेवणं अण्णांना शक्य नव्हतं.

कोणीतरी जुने टायर आणून देतो म्हणाला. स्वस्त, जाळ भयंकर, आणि काही ठिकाणी हे चालतं हे सगळ्यांना माहीत आहे. अण्णांनी मला विचारलं, आकड्यात काय म्हणता. आकड्यात टायर चिपाडाच्या दुपटीने उष्णता देतो, ते मी लपवलं नाही. पण त्यात गंधक असतं, तो काळा धूर मामांच्या छातीत जाणार आणि उघड्या काहिलीवर बसणार, जो गूळ लोक बाळंतिणीला देतात त्यात. अण्णा एक मिनिट गप्प बसले आणि म्हणाले नको. यावर पुन्हा चर्चा झाली नाही.

लाकूड विकत घेणं हा सरळ पर्याय, पण पाऊस सगळीकडेच झाला होता आणि भाव चढले होते. थोडं घ्यावंच लागलं.

कायमच्या उपायांत तीन गोष्टी होत्या. एक, काहिलीच्या पुढे चिमणीकडे जाणाऱ्या धुराच्या वाटेवर दुसरी छोटी काहील बसवून पुढच्या आधणाचा रस आधीच तापवणं. दोन, चिमणीत झडप आणि चुलवाणाच्या तोंडाला पत्र्याचं दार, हवा आवरायला. तीन, काहिलीच्या बुडाला खालून पट्ट्या वेल्ड करून उष्णता घेणारा पृष्ठभाग वाढवणं. तिसऱ्यासाठी काहील काढावी लागणार होती, चालू सीझनमध्ये ते होणार नव्हतं.

काय केलं

तातडीने केलेली गोष्ट बिनपैशाची होती आणि ती मामांशी बोलताना सुचली. त्यांना विचारलं जाळ कधी किती लागतो. म्हणाले, मळी काढेपर्यंत बेताचा, नाहीतर मळी रसात मिसळते, मग दणकून, आणि गोळी यायच्या आधी परत कमी, नाहीतर पाक करपतो. म्हणजे पहिल्या टप्प्यात रस २५ ते ९० अंशात असतो आणि जाळही मंद हवा असतो, तिथे थंड ज्वाळ चालते. मग ओलं चिपाड फक्त तिथे घालायचं आणि ताडपत्रीखालचं कोरडं मधल्या उकळीसाठी राखायचं. त्याबरोबर ओलं चिपाड चुलवाणाच्या मागच्या गरम भिंतीला रचायला सुरुवात केली, एका दिवसात ते बरंच सुकायचं. मात्र आगीपासून दोन हात लांब आणि रात्री पाणी भरलेले ड्रम शेजारी, यात अण्णांनी अजिबात सूट दिली नाही. आधणाचा वेळ साडेतीन तासांवर आला आणि तो पंधरवडा निघाला.

त्यानंतर पैशाची पाळी आली तेव्हा आम्ही आधी छोटी काहील बसवली. साधारण २८ हजार खर्च. झडप नंतर, दीड महिन्याने. हा क्रम चुकला आणि तो माझ्या सल्ल्याने चुकला, याबद्दल पुढे लिहितो.

छोट्या काहिलीने पहिल्याच आठवड्यात वेगळी अडचण काढली. रस ७० अंशापर्यंत तापायचा, पण मोठ्या काहिलीतलं आधण उतरेपर्यंत तो तसाच तीन तास गरम पडून राहायचा. तात्यांनी दुसऱ्या दिवशीच सांगितलं की गूळ मऊ येतोय, रवा नीट धरत नाही. उसाचा रस आंबटसर असतो, गरम राहिला की त्यातली साखर फुटते, ग्लुकोज-फ्रुक्टोज वाढतं आणि गूळ ओलसर राहतो. मी उष्णता वाचवायच्या नादात हे विसरलो होतो. तात्यांचं ऐकून आम्ही घाण्याची वेळच बदलली, रस छोट्या काहिलीत शेवटच्या पाऊण तासातच सोडायचा. आधी ती काहील रिकामी राहून तापू नये म्हणून तिच्यात पाणी ठेवतात, तेच गरम पाणी भांडी आणि काहील धुवायला जातं. गूळ परत पहिल्यासारखा धरायला लागला.

झडप आणि दार हे २ हजारांच्या आत झालं. पण यात मामा आधी नाराज होते. उघडं तोंड म्हणजे त्यांना जाळ दिसतो, दार लावल्यावर दिसत नाही. जबरदस्ती केली असती तर पहिल्या संध्याकाळी दार काढून बाजूला ठेवलं गेलं असतं. मग दाराला हातभर खिडकी ठेवली, आणि अॅनालायझर लावून त्यांना झडप हलवायला सांगितलं, ऑक्सिजन साडेदहावरून आठवर येताना उकळीचा आवाज वाढतो हे त्यांनी स्वतः ऐकलं. फार बंद केली की काळा धूर येतो हेही त्यांनीच शोधलं. झडपेच्या दांड्यावर खडूने खुणा त्यांनी केल्या, मी नाही.

निकाल

कोरड्या चिपाडावर मोजलेलं, प्रत्येकी चार-पाच आधणांची सरासरी. सुरुवातीला ४५० किलो. छोटी काहील लावल्यावर ४१५ च्या आसपास. झडप आणि दार लावल्यावर ३६५. रसात जाणारी उष्णता ३१ टक्क्यांवरून ३८ वर. चिमणीचं तापमान ४८० वरून ४२०. आधण अडीच ते पावणेतीन तासांत उतरतं. मामांच्या अंगावर येणारी धग कमी झाली, हे कुठल्या कोष्टकात बसत नाही पण ते स्वतः सांगतात.

चिपाड अजूनही पूर्ण पुरत नाही. ३३० येतं आणि ३६५ लागतं, दिवसाला १४० किलोची तूट आहे, आधी ती ४८० होती. लाकूड बंद झालेलं नाही, कमी झालंय.

परत करायचं झालं तर

पहिली गोष्ट, झडप आणि दार आधी. २८ हजारांनी ३५ किलो वाचवले आणि २ हजारांनी ५०. हिशोब माझ्यासमोर होता, रस तापवायचा सगळा खर्चच १३ टक्के, त्यामुळे रस पूर्ण ९८ पर्यंत फुकट तापला असता तरी त्याहून जास्त वाचणार नव्हतं, आणि धुरात मात्र ३८ टक्के जात होते. तरीही मी छोटी काहील आधी सुचवली कारण "वाया जाणारी उष्णता वापरणं" हे डोळ्यांना पटतं, दिसतं, अण्णांना दाखवता येतं. जी उष्णता मुळात वाया जायलाच नको तिच्यासाठी भांडं बांधत बसलो. चुलवाण, भट्टी, बॉयलर काहीही असो, कोणी मला आता विचारलं तर मी आधी हवा मोजायला सांगतो.

दुसरी, तात्यांना पहिल्या दिवसापासून चर्चेत बसवायला हवं होतं. आम्ही सगळे उष्णतेचं बोलत होतो आणि ते गुळाचं. आठवडाभराचा मऊ गूळ कमी भावाने गेला, तो तोटा या बचतीतून वजा करायला हवा आणि अण्णांनी तो केलाही.

तिसरी, ताडपत्री. हे ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण पावसानंतर १०० किलो सुका भाग दर आधणाला जादा जळत होता, म्हणजे कुठल्याही सुधारणेने वाचवलं त्यापेक्षा जास्त. आता दसऱ्याच्या आत ढिगावर पत्र्याची शेड पूर्ण होते, आणि चिपाड वाळवताना संध्याकाळी गोळा करून आत घेतात, दव पडायच्या आधी.

बुडाला पट्ट्या लावलेली काहील उन्हाळ्यात तयार करायची ठरलंय. माझा अंदाज आहे की त्याने तूट भरून निघेल, पण पट्ट्यांच्या वेल्डपाशी पाक करपतो का ही तात्यांची शंका मला खोडता येत नाही, म्हणून आधी एक पट्टा, तोही फक्त चिमणीकडच्या निम्म्या बुडाला, आणि दहा आधणं मोजून मग बाकीचं.